प्रेमाची वयोमर्यादा आणि बांधिलकीची वाटणी

१

मराठी समीक्षेने प्रेमाला एक वयोमर्यादा घालून दिली आहे. ही मर्यादा कोठे लिहून ठेवलेली नाही. परंतु वाङ्मयेतिहासांतील प्रकरणांची नावे, कवितासंग्रहांच्या प्रस्तावना, पदव्युत्तर प्रश्नपत्रिका आणि प्रबंधांचे विषय एकापुढे एक मांडले, की ती स्पष्ट दिसू लागते. प्रथमदर्शनापासून विवाहापर्यंत, किंवा प्रथमदर्शनापासून ताटातुटीपर्यंत, एवढीच प्रेमाची व्याप्ती. त्यापलीकडे जे काही असेल ते ‘कौटुंबिक जीवनाचे चित्रण’ ठरते. उतारवयातले असेल तर ‘वृद्धांची समस्या’ ठरते. जोडीदाराच्या मृत्यूनंतरचे असेल तर ‘विरहवेदना’ ठरते. ‘नटसम्राट’ (१९७०) या नाटकाची चर्चा होते ती कृतघ्न मुलांविषयी, ‘किंग लियर’शी असलेल्या त्याच्या नात्याविषयी आणि नटाच्या आत्मभानाविषयी. आप्पासाहेब बेलवलकर जिला ‘सरकार’ म्हणून हाक मारतात त्या कावेरीशी असलेले त्यांचे सबंध आयुष्याचे नाते हेही या नाटकाचे एक केंद्र असू शकते, ही शक्यता त्या चर्चेच्या कक्षेत क्वचितच येते.

प्रेमाला वय नेमून दिले गेले, तसे बांधिलकीला क्षेत्र नेमून दिले गेले. साठोत्तरी वाङ्मयीन चर्चेत, विशेषतः दलित साहित्याच्या आणि मार्क्सवादी साहित्यविचाराच्या संदर्भात, ‘बांधिलकी’ हा शब्द स्थिरावला तो सामाजिक व राजकीय अर्थाने. लेखक समाजाला, वर्गाला, चळवळीला बांधील असतो. एका माणसाने दुसऱ्या माणसाला बांधील असणे हा या शब्दाचा वाङ्मयीन अर्थ कधी झालाच नाही. आजचे तरुण-तरुणी आपल्या नात्याविषयी बोलताना ‘कमिटमेंट’ हा शब्द वापरतात आणि भाषेचे कैवारी त्यांना नावे ठेवतात. वस्तुतः त्यांना हवा असलेला मराठी शब्द समीक्षेने अन्यत्र गुंतवून ठेवला आहे.

प्रेम आस्वादक समीक्षेकडे आणि बांधिलकी सामाजिक समीक्षेकडे, अशी ही वाटणी दोन्ही पक्षांना सोयीची आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की या वाटणीमुळे वयाबरोबर रूप पालटणारे प्रेम वाचण्याची साधनेच मराठी समीक्षेकडे उरलेली नाहीत. आणि या उणिवेची सर्वांत मोठी किंमत स्त्रियांच्या लेखनाने मोजली आहे.

२

या वयोमर्यादेचे समर्थन सहसा निसर्गाच्या नावाने केले जाते. तारुण्यात उत्कटता, प्रौढपणी जबाबदारी. आधी प्रेम, मग बांधिलकी. हा क्रम जणू सृष्टिक्रमच. मराठी समाजाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मात्र या क्रमाला दुजोरा देत नाही. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. लक्ष्मीबाई टिळकांचा १८८० मध्ये झाला तेव्हा त्याही त्याच वयाच्या आसपास होत्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेले, आणि तेवढ्यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे सर्वश्रुत आहे. अशा समाजात बांधिलकी आधी आली, तीही न विचारता लादली गेली. प्रेम आलेच तर तिच्या मागून, तिच्या आत, आणि पुष्कळदा तिच्याशी झगडत आले. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यातील यमू आणि रघुनाथराव यांचे एकमेकांना ओळखत जाणे ही आधुनिक मराठी कथनसाहित्यातील एक आरंभीची आणि लक्षणीय प्रेमकथा आहे. आणि ती लग्नानंतर सुरू होते. तरीही या कादंबरीची नोंद ‘सामाजिक कादंबरी’, ‘विधवांचा प्रश्न’ अशीच होत राहिली. हे वर्णन चुकीचे नाही, अपुरे आहे. यमूचे वैधव्य वाचकाला असह्य होते ते तिने काय गमावले हे आधी आपल्याला कळलेले असते म्हणून.

प्रेम आधी आणि विवाह मागून हा क्रम मराठी साहित्यात प्रतिष्ठित झाला तो महाविद्यालयांच्या आवारातून. विवाहाचे वय हळूहळू वाढत गेले. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीसाठी चौदा व मुलासाठी अठरा ही किमान मर्यादा घातली. शहरांतून सहशिक्षण रुजू लागले. आणि बालपण व संसार यांच्या मधोमध ‘तारुण्य’ नावाचा एक मोकळा कालखंड पांढरपेशा वर्गाच्या वाट्याला आला. रविकिरण मंडळ १९२३ मध्ये स्थापन झाले. माधव जूलियनांचे ‘विरहतरंग’ १९२६ चे. फडक्यांच्या ‘जादूगार’, ‘दौलत’ या कादंबऱ्या त्याच दशकाच्या अखेरीच्या. ही कविता आणि ही कादंबरी त्या नव्या कालखंडाची निर्मिती होती, आणि तिचे ऐतिहासिक महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो समीक्षेवर. एका विशिष्ट वर्गाच्या, एका विशिष्ट काळाच्या, आणि प्रामुख्याने पुरुषांच्या अनुभवाला तिने प्रेमाचे सार्वकालिक रूप मानले आणि त्याच मापाने पुढचे-मागचे सारे मोजले.

या मापाने कवीच्या विकासाचा आलेखसुद्धा आखला गेला. ‘शिशिरागम’ (१९३९) मधील प्रेमविफलता ही मर्ढेकरांची उमेदवारी, आणि ‘काही कविता’ (१९४७) पासूनची त्यांची कविता ही प्रौढता, हा आलेख आपण सर्वांनी वर्गात काढला आहे. मर्ढेकरांपुरता तो समर्थनीय असेलही. पण त्यातून जे सूत्र रूढ झाले ते असे, की कवी प्रेमाविषयी लिहिणे थांबवतो तेव्हा तो प्रौढ होतो. प्रेमच प्रौढ होऊ शकते ही कल्पना या आलेखात कोठेच बसत नाही. भा. रा. तांबे यांच्या दांपत्यप्रेमाच्या कवितेचा निर्देश समीक्षेने अवश्य केला; परंतु ‘घरगुती’, ‘गोड’, ‘समाधानी’ अशा विशेषणांत तिला बसवून, म्हणजे तिला संघर्ष नाही असे आधीच ठरवून.

३

संस्कृत काव्यशास्त्राची साक्ष येथे उद्‌बोधक ठरेल. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने विप्रलंभ शृंगाराचे चार प्रकार सांगितले आहेत: पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. यांपैकी पूर्वराग तेवढा मीलनापूर्वीचा आहे. रुसवा आणि दूरदेशीचा वास ही दीर्घ सहवासातील दुःखे आहेत. चौथा प्रकार तर मृत्यूच्या सीमारेषेवर उभा आहे. म्हणजे ज्या काव्यशास्त्राला आपण साचेबंद म्हणतो, त्याने प्रेमाच्या दुःखाचा मोठा हिस्सा नाते जुळल्यानंतरच्या काळाला दिला होता. स्वीया नायिकेचे मुग्धा, मध्या आणि प्रगल्भा हे भेद वय आणि अनुभव यांना धरून केलेले आहेत. आधुनिक मराठी समीक्षेने या तिघींपैकी मुग्धा तेवढी ठेवून घेतली. भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ हे बहुधा संस्कृत नाटकांतील प्रौढ प्रेमाचे सर्वांत गंभीर चिंतन. आपल्याकडे ते करुण रसाचे उदाहरण म्हणून शिकवले जाते.

काव्यशास्त्राचा गौरव करण्याचा येथे हेतू नाही. त्याच्या वर्गीकरणातच एक मोठी विषमता आहे आणि ती आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. शृंगारातील नायकाचे भेद आहेत अनुकूल, दक्षिण, शठ आणि धृष्ट. एकीशीच निष्ठा ठेवणारा तो अनुकूल, अनेकींशी सारख्या सौजन्याने वागणारा तो दक्षिण, लपवून प्रतारणा करणारा तो शठ, अपराध करूनही निर्लज्ज राहणारा तो धृष्ट. बांधिलकी हाच या वर्गीकरणाचा निकष आहे. पण ती नायकाच्या बाबतीत स्वभावाचा पर्याय आहे, चार पर्यायांपैकी एक. नायिकेच्या बाबतीत मात्र तिचे वय मोजायचे असते. बांधिलकी ‘स्वीया’ या शब्दात आधीच गृहीत धरलेली असते. पुरुषाची बांधिलकी हा त्याचा गुण आणि स्त्रीची बांधिलकी ही तिची व्याख्या, हा भेद आधुनिक मराठी समीक्षेने काव्यशास्त्राकडून न सांगता उचलला. त्यातील प्रगल्भा मात्र तिने मागे ठेवली.

मध्ययुगीन मराठी आख्यानकाव्यातही हाच थांबा दिसतो. नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’, एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’, रघुनाथ पंडितांचे नलदमयंतीस्वयंवराचे आख्यान. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात स्वयंवर हा आरंभीचा भाग आहे. द्यूत, अरण्यातला त्याग, शोध, आणि एकमेकांना पुन्हा पारखून घेणे हे त्याचे खरे कथानक. मराठी परंपरेने शीर्षकासाठी निवडले ते स्वयंवर. याच्या नेमकी उलट साक्ष जात्यावरच्या ओव्यांची आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. या ओव्या गाणाऱ्या प्रामुख्याने लग्न झालेल्या बाया. नवरा, भाऊ, मुले, सासर, कष्ट आणि माया यांचा हिशेब त्या रोज पहाटे नव्याने मांडत होत्या. हा ऐवज आपण लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडे सोपवला. प्रेमकवितेच्या चर्चेत त्याला प्रवेश नाही. तो मिळाला असता, तर प्रीतिकाव्याच्या व्याख्येतच बदल करावा लागला असता.

४

या उणिवेची किंमत काय, हे इंदिरा संत यांच्या कवितेच्या वाचनातून चांगले दिसते. ना. मा. संत आणि इंदिरा संत यांचा ‘सहवास’ हा एकत्रित संग्रह १९४० मध्ये आला. १९४६ मध्ये ना. मा. संत यांचे निधन झाले. ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७), ‘रंगबावरी’ (१९६४), ‘गर्भरेशीम’ (१९८२) हे सारे संग्रह त्यानंतरचे. इंदिराबाईंचे निधन २००० मध्ये झाले. म्हणजे सहवास संपल्यानंतरचा चोपन्न वर्षांचा काळ या कवितेच्या मागे उभा आहे. एवढ्या दीर्घ पल्ल्याच्या निष्ठेला समीक्षेने एकच शब्द दिला: विरह.

विरह हा शब्द येथे का अपुरा आहे? विरहाला परतभेटीची आशा गृहीत असते. खुद्द विश्वनाथाच्या व्यवस्थेत करुण विप्रलंभ तेव्हाच संभवतो, जेव्हा गेलेले माणूस पुन्हा भेटण्याची शक्यता असते. ती नसेल तर तो शोक, म्हणजे करुण रस. इंदिराबाईंची कविता या दोहोंत कोठेच पुरती बसत नाही. तिला परतभेटीची आशा नाही आणि ती केवळ शोकही करीत नाही. गेलेल्या माणसाशी ती नाते पुढे चालवते. घर, अंगण, पाऊस, रोजची कामे या साऱ्यांत ते नाते नव्याने जुळवून घ्यावे लागते. कारण हयात माणूस वयाने वाढत जाते आणि गेलेले त्याच वयाचे राहते. तिशीतल्या स्त्रीचे त्या माणसाशी असलेले नाते आणि साठी ओलांडलेल्या स्त्रीचे त्याच माणसाशी असलेले नाते एकच असू शकत नाही. ‘मेंदी’ आणि ‘गर्भरेशीम’ यांत जे अंतर आहे ते हे आहे, आणि ते शैलीच्या विकासाएवढेच प्रेमाच्या विकासाचे अंतर आहे. ‘विरहिणी’ हे लेबल लावले, की हे अंतर पुसले जाते. कवयित्री चोपन्न वर्षे त्याच उंबरठ्यावर, त्याच वयात उभी राहते. पदव्युत्तर वर्गात विद्यार्थ्यांना संग्रहांची वर्षे आणि निधनाचे वर्ष फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवली, की ‘विरह’ या शब्दावर ते स्वतःच प्रश्न विचारू लागतात. त्यासाठी कोणताही पाश्चात्त्य सिद्धांत लागत नाही.

समीक्षेची नजर तारुण्यावर किती खिळलेली आहे याचे आणखी एक उदाहरण ‘कुसुमानिल’ (१९७२). कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांच्या विवाहापूर्वीच्या काळातील हा पत्रव्यवहार मराठी प्रेमाचा लिखित दस्तऐवज म्हणून योग्यच गाजला. मात्र ‘मराठी कादंबरी: पहिले शतक’ (१९५३) लिहिणारी समीक्षक आणि मुक्तछंदाचा पुरस्कर्ता कवी यांचा पुढचा दीर्घ संसार, त्यातील दोन स्वतंत्र बुद्धींचे एकमेकांशी असलेले नाते, याविषयी तसे कुतूहल कोणाला वाटले नाही. प्रेम पत्रांत होते, पत्रे संपली तेव्हा तेही संपले, असाच जणू समज.

५

गद्यात हे अधिक स्पष्ट होते. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) या ग्रंथाची स्तुती करताना निर्मळ विनोद, प्रांजळपणा, बोलीचा गोडवा हे शब्द हमखास येतात. ते खरेही आहेत. परंतु या ग्रंथात जे घडते त्याचा विचार करावा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पती-पत्नीची ताटातूट झाली. ज्या बांधिलकीत लक्ष्मीबाईंना लहानपणी बांधले गेले होते ती धर्मशास्त्राने, समाजाने आणि आप्तांनी त्या क्षणी मोडीत काढली होती. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परत गेल्या. स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. परत जाणे आणि धर्म बदलणे या दोन निर्णयांमधले हे अंतर फार महत्त्वाचे आहे. त्या अंतरात लादलेली बांधिलकी निवडलेली झाली. ज्या निष्ठेला पूर्वी पर्याय नव्हता तिला पर्याय निर्माण झाला, आणि तो समोर असताना त्यांनी आपला निर्णय आपल्या गतीने घेतला. टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्णत्वास नेले. एका कवीचे काव्य त्याच्या पश्चात आपल्या ओळींनी पुरे करणे, हे प्रेमाचे वाङ्मयीन रूप आहे की नाही? समीक्षेच्या लेखी ते चरित्रातील तपशिलाएवढेच राहिले.

सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या विवाहाला चव्वेचाळीस वर्षे झाली होती. पुस्तकाभोवतीची चर्चा एका लाडक्या लेखकाची प्रतिमा भंगते की अभंग राहते, या प्रश्नाभोवती फिरत राहिली. पुस्तकाचा स्वतःचा प्रश्न निराळा आहे: ज्याच्यावर प्रेम केले त्याच्या कामाला आपण बांधील होत जातो, ते काम मोठे होत जाते, आणि त्या प्रमाणात आपले काय उरते? हा तरुणपणी विचारताच येणार नाही असा प्रश्न आहे. त्याला तक्रार म्हणणारे आणि त्याला त्याग म्हणून गौरवणारे, दोघेही तो प्रश्न म्हणून ऐकत नाहीत.

दोन्ही बांधिलक्या एकमेकींवर आदळतात तेथे तर समीक्षेची वाटणी पुरतीच कोसळते. मल्लिका अमरशेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) हे दलित पँथरच्या एका संस्थापकाशी झालेल्या विवाहाचे आत्मकथन. ‘गोलपिठा’ (१९७२) च्या कवीची बांधिलकी मराठी समीक्षेने यथार्थ गौरवली. त्याच घरातून आलेले हे पुस्तक मात्र खासगी ठरले. ज्या बांधिलकीने रस्ता उजळला तिने घरात काय केले, हा प्रश्न विचारणे म्हणजे चळवळीचा द्रोह, अशी एक दबकी भावना होती. उलट काहींना या पुस्तकात चळवळीला झोडपण्याचे आयते हत्यार दिसले. दोघांनीही पुस्तक वाचले नाही, वापरले. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये प्रेमविवाह आहे, मुंबईचा संसार आहे, आणि शिक्षण, लेखन व चळवळ यांमुळे त्या संसारात येत गेलेला ताण आहे. ‘दलित स्त्रीचे दुहेरी शोषण’ हे सूत्र त्या पुस्तकाचे बरेच काही सांगते. ज्याच्यावर प्रेम केले तोच माणूस आपल्या वाढीने दुखावतो तेव्हा प्रेमाचे काय होते, हे त्या सूत्रात मावत नाही. लेखिकेने ते लिहिले आहे. समीक्षेकडे त्यासाठी शब्द नाही.

६

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप सौंदर्यवादी आहे. साहित्याला घटना हवी, तीव्रता हवी. तारुण्यातील प्रेमात ती असते. संसारात पुनरावृत्ती असते, आणि पुनरावृत्तीतून काव्य होत नाही. हा आक्षेप गंभीर वाटतो, पण तो उत्कटतेचे एकच परिमाण मानतो: क्षण. उत्कटतेला काळाचेही परिमाण असते. तरुण प्रेमाला विचारायचा प्रश्न ‘किती?’ असा असतो, प्रौढ प्रेमाला विचारायचा प्रश्न ‘कुठवर?’ असा असतो, आणि दुसऱ्या प्रश्नात कमी नाट्य आहे असे मानण्यास कोणताही आधार नाही. विंदा करंदीकरांची ‘झपताल’ ही स्वयंपाकघरात राबणाऱ्या गृहिणीवरची कविता उभी आहे ती पुनरावृत्तीच्याच तालावर, आणि तिचे शीर्षक ते उघड सांगते. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) कडे या दृष्टीने पाहावे. मुलाचे तारुण्य मागून घेणारा राजा हा आपल्या समीक्षेचाच पूर्वज म्हणावा लागेल; प्रेम तारुण्यातच असते अशी त्याचीही खात्री आहे. या कादंबरीवर भोग विरुद्ध संयम अशी पुष्कळ चर्चा झाली. पुरूला घेऊन शर्मिष्ठेने परागंदा अवस्थेत काढलेली वर्षे हे प्रेमाचे तिसरे रूप आहे. भोग आणि संयम या जोडीत ते बसत नाही. त्याला ‘त्याग’ म्हटले, की विचार करण्याची गरज संपते.

दुसरा आक्षेप स्त्रीवादी आहे आणि अधिक वजनदार आहे. प्रौढ प्रेम आणि बांधिलकी यांचा गौरव करणे म्हणजे पातिव्रत्याला मागच्या दाराने परत आणणे नव्हे काय? ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधूच्या निष्ठेवर प्रेक्षकांच्या किती पिढ्यांनी अश्रू ढाळले, आणि त्या अश्रूंनी किती सिंधूंना घरातच बांधून ठेवले! या आक्षेपातील भीती खरी आहे. परंतु सिंधूच्या उदाहरणावरून बांधिलकी हा विषयच टाकून देणे हा तिच्यावरचा उपाय नाही. सिंधूची बांधिलकी प्रेमाची आहे की तिला दुसरी भाषाच उपलब्ध नाही, हे विचारण्यासाठी आपल्याला आधी बांधिलकीचे निकष हवेत. बांधिलकी कोणाची, कोणाशी, कोणत्या अटींवर, आणि ती मोडण्याचा अधिकार कोणाला? हे चार प्रश्न सामाजिक बांधिलकीविषयी आपण चळवळींना खुशाल विचारतो. दोन माणसांमधील बांधिलकीला ते विचारले, की सिंधू आणि ‘स्मृतिचित्रे’तील लक्ष्मी यांतील फरक लख्ख दिसतो: एकीला पर्याय नव्हता, दुसरीला तो मिळाला आणि तो पारखून तिने निर्णय घेतला.

याच निकषांनी सोडून जाणेही वाचता येते. शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’ (१९९०) मधील रीटाने विवाहित पुरुषाशी असलेल्या नात्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत. ते नाते तिला मानसिक कोसळण्यापर्यंत नेते, आणि त्यातून ती स्वतःला पुन्हा उभे करते. ही कथा ‘प्रेमभंग’ या शब्दात मांडली की ती अठरा वर्षांच्या मुलीची कथा होते. रीटा प्रौढ आहे. आपली बांधिलकी एकतर्फी होती हे ओळखणे आणि त्या ओळखीनुसार जगणे हा तिच्या प्रेमाच्या वाढीचाच भाग आहे. गौरी देशपांडे यांच्या दीर्घकथांमधील मध्यमवयीन नायिकांवर उच्चभ्रूपणाचा, परदेशी वातावरणाचा शिक्का मारला गेला. त्या शिक्क्यामागे एक गैरसोयीचा प्रश्न झाकला गेला: संसार आणि मुलेबाळे झाल्यानंतर स्त्रीला पुन्हा प्रेमाचा विचार करण्याचा अधिकार आहे काय? मराठी समीक्षेच्या वयोमर्यादेनुसार त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते उघड देण्याऐवजी तिने नायिकांचे राहणीमान तपासले.

काही स्त्रीवादी समीक्षेविषयीही येथे बोलणे आवश्यक आहे. विवाह ही सत्तासंस्था आहे हे तिने दाखवले, आणि ते ऋण मोठे आहे. पण संस्थेची चिकित्सा पुरी झाली की संहितेतील प्रेमाला केवळ भ्रम मानून पुढे जाण्याची एक सवय तिलाही लागली. लक्ष्मीबाई, सुनीताबाई, उर्मिला पवार या तिघींच्या लेखनात सत्तेची जाणीव आहे आणि प्रेमही आहे. एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही. हा गुंता तसाच ठेवून वाचणे हे समीक्षेचे काम आहे.

७

तेव्हा करायचे काय? प्रथम, ‘प्रीतिकाव्य’ या प्रकरणाची कालमर्यादा मोडली पाहिजे. माधव जूलियनांच्या शेजारी इंदिरा संतांची उत्तरकालीन कविता, तांब्यांची दांपत्यप्रेमाची कविता आणि जात्यावरची ओवी एकाच अभ्यासपत्रिकेत आली पाहिजे; एकीच्या कसोटीवर दुसरीला तोलण्याऐवजी प्रत्येकीतील काळाची जाणीव विचारात घेतली पाहिजे. दुसरे, आत्मकथनांची विभागणी ‘सामाजिक दस्तऐवज’ आणि ‘खासगी कैफियत’ अशी करणे थांबवले पाहिजे. ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे पुस्तक बांधिलकीच्या वाङ्मयीन चर्चेत अनिवार्य वाचन ठरावे, कारण ती चर्चा जेथे अडते तेथूनच ते सुरू होते. तिसरे, वरील चार प्रश्न पुरुषांच्या लेखनालाही विचारले पाहिजेत. बेलवलकरांच्या आयुष्यभराच्या नाट्यनिष्ठेत कावेरीची किती वर्षे खर्ची पडली, हा ‘नटसम्राट’वरचा अभ्यासप्रश्न होऊ शकतो. तो विचारला तर नाटक लहान होत नाही. शोकात्मिकेत आणखी एक माणूस प्रवेश करते.

या सूचनांना विरोध होईल आणि तो प्रामुख्याने सवयीचा असेल. अभ्यासमंडळाच्या बैठकीत विरह, सौंदर्य आणि सामाजिक बांधिलकी हे घटक गुणांसह आधीच छापलेले असतात. त्यांत चौथा घटक घालायचा तर एखाद्याचे गुण कमी करावे लागतात. पण जो विद्यार्थी बाविसाव्या वर्षी आपल्यापुढे बसतो त्याला पुढची चाळीस-पन्नास वर्षे काढायची आहेत. त्याच्या भाषेतील साहित्यात त्या वर्षांविषयी जे लिहिले गेले आहे ते त्याला प्रेमाचे साहित्य म्हणून वाचायला मिळावे, एवढीच मागणी आहे. साहित्य उपलब्ध आहे आणि ते ‘स्मृतिचित्रे’पासून छापील आहे. त्याची नोंद कोणत्या सदराखाली करायची, हे ठरवणे तेवढे बाकी आहे.